गावाकडे मोबिलिटी स्कूटर घेताना: आधी रस्ता मोजा, मग बॅटरी, भाव शेवटी

मोबिलिटी स्कूटरच्या जाहिरातीत गुळगुळीत फरशी असते, रुंद दरवाजे असतात आणि आजोबा छान हसत असतात. तीच गाडी आर्णी किंवा सिंदेवाहीकडच्या एखाद्या गावात उतरवली की पहिल्या पावसात काळ्या मातीत रुतते. मे महिन्यात टिनाच्या छपरीत तिची बॅटरी भाजून निघते. दुरुस्तीला फोन लावावा, तर कंपनीचा माणूस बंगळुरू नाहीतर दिल्लीत. गाडी वाईट असतेच असं नाही, ती त्या रस्त्यासाठी केलेली नसते. म्हणून खरेदीची सुरुवात दुकानातून करू नका. घराच्या उंबरठ्यापासून करा.

नेमकी कोणती गाडी

‘बॅटरीची गाडी’ म्हणून बाजारात चार-पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि विक्रेता आपल्याकडे जी असेल तीच तुमच्या गळ्यात मारतो.

मोबिलिटी स्कूटर म्हणजे खुर्ची, पाय ठेवायला सपाट पाटा आणि समोर हँडलचा उभा खांब. अंगठ्याने दाबायची कांडी एका बाजूने दाबली की गाडी पुढे जाते, दुसऱ्या बाजूने दाबली की मागे. कांडी सोडली की मोटारीवरचा चुंबकीय ब्रेक आपोआप लागतो. बहुतेक गाड्या २४ व्होल्टच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालतात. वेग माणसाच्या भरभर चालण्याइतका, ताशी ५ ते ८ किलोमीटर. घडी होणाऱ्या छोट्या गाडीचा तळ जमिनीपासून जेमतेम ५-७ सेंटिमीटर वर असतो, मोठ्या गाडीचा १० ते १५. तीन चाकांची गाडी लहान जागेत वळते, पण वळणावर कलंडते. चार चाकांची स्थिर असते, मात्र बोळीत वळवताना दोन-तीनदा मागेपुढे करावी लागते. गावासाठी तीन चाकांच्या छोट्या गाडीचा विचारच करू नका.

बॅटरीवरची तीनचाकी सायकल, म्हणजे मोटराइज्ड ट्रायसिकल, ही वेगळी वस्तू. हिची चाकं सायकलसारखी मोठी, मोटार बहुधा चाकाच्या तुंब्यात बसवलेली, ब्रेक हाताने दाबायचे. दिसायला ओबडधोबड, पण खड्ड्यातून निघते. तिचा मोठा फायदा दुरुस्तीत आहे. थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ), कंट्रोलर (मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा), चार्जर हे भाग ई-रिक्षा आणि ई-सायकलच्या जातीचे असतात, त्यामुळे ई-रिक्षा दुरुस्त करणारा तालुक्याच्या ठिकाणचा मिस्त्री तिला हात लावू शकतो. मोबिलिटी स्कूटरचा कंट्रोलर ठरावीक कंपनीचाच लागतो आणि तो मिस्त्रीकडे नसतो.

तिसरा पर्याय व्हीलचेअरला पुढून जोडायच्या मोटारीच्या चाकाचा. आयआयटी मद्रासमधून पुढे आलेल्या निओमोशनचं ‘निओबोल्ट’ याच प्रकारातलं. घरात व्हीलचेअर, बाहेर मोटार जोडून गाडी. हात मजबूत असलेल्या तरुण माणसाला हे फार सोयीचं, पण गुडघे गेलेल्या सत्तरीच्या आजीला नाही. ज्यांच्या हातात हँडल वळवण्याइतकाही जोर नाही त्यांच्यासाठी जॉयस्टिकची पॉवर व्हीलचेअर. आणि पेट्रोलच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावलेली गाडी हे थेट मोटार वाहन आहे. तिला नोंदणी, विमा, दिव्यांगासाठीचा परवाना आणि आरसी पुस्तकात फेरबदलाची नोंद, सगळं लागतं.

आमचं मत स्पष्ट आहे. गावात सिमेंटचा रस्ता असेल आणि फिरणं घर, देऊळ, दवाखाना, चौक एवढंच असेल, तर मोठ्या चाकांची चारचाकी मोबिलिटी स्कूटर चांगली. पांदण रस्त्याने वावरात जायचं असेल, किंवा दुसऱ्या गावाच्या बाजाराला जायचं असेल, तर ट्रायसिकल घ्या.

चालवणाऱ्याला जमेल का

दुकानात जाण्याआधी घरीच तपासा. हात नसलेल्या स्टुलावर पाठीला आधार न देता माणूस पंधरा मिनिटं सरळ बसू शकतो का? दोन्ही हात खांद्याच्या पातळीपर्यंत पुढे येतात का? अंगठ्याने टॉर्चचं कडक बटण दहा मिनिटं थांबून-थांबून दाबता येतं का? वीस पावलांवरून येणारी बैलजोडी स्पष्ट दिसते का, मागून मोटारसायकलचा हॉर्न ऐकू येतो का? आणि महत्त्वाचं म्हणजे खुर्चीवरून स्वतः उठून उभं राहता येतं का, की उचलून ठेवावं लागतं?

लकव्याने एक बाजू गेलेली असेल, तर चालत्या हाताकडच्या कांडीने गाडी पुढे जाईल अशी अदलाबदल करून मिळते का ते विचारा. बऱ्याच गाड्यांत होते. ट्रायसिकलमध्ये थ्रॉटल आणि ब्रेक एकाच हाताला घेता येतात का तेही पाहा. लकव्यात एका बाजूचं भानच हरवलं असेल तर मात्र गाडी देऊ नका. असा माणूस त्या बाजूची नाली पाहतच नाही.

माणसाचं वजन काट्यावर करा. गाडीवर लिहिलेली वजनमर्यादा ही माणूस, पिशवी आणि पुढे बसणारा नातू या सगळ्यांची मिळून असते. मर्यादा १०० किलो असेल आणि माणूस ८५ किलोचा, तर त्या गाडीला रोज शेवटच्या टोकावर राबावं लागेल. किमान २५ किलोची सवड ठेवा.

रस्ता मोजण्याचं काम

एक वही घ्या आणि घरापासून सुरुवात करा. दाराच्या चौकटीची आतली रुंदी: गाडी ६० सेंटिमीटर रुंद असेल तर किमान ७५ हवी, कारण हँडल धरलेल्या हाताची कोपरंही बाहेर येतात. उंबरठ्याची उंची, ओट्याची उंची, ओट्यापासून सडकेपर्यंतची जागा. मग मोटारसायकलच्या मीटरवर अंतरं टिपा: ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, रेशन दुकान, एसटीचा थांबा, आठवडी बाजार. जाऊन-येऊन सगळ्यात लांबचा फेरा किती, तो आकडा लाल पेनाने लिहा. पुढचं सगळं गणित त्यावर आहे.

रस्त्यावरचे अडथळे मोजायला साधी फूटपट्टी चालते. उघड्या नालीवरची फरशी, तिच्या दोन्ही कडांची उंची, सिमेंट रस्ता संपतो तिथली पायरी. पाच सेंटिमीटरच्या वर सरळ कडा असेल तर छोटी स्कूटर अडते. अशा कडेवर तिरपं चढायला गेलं की एक चाक वर, एक खाली, आणि गाडी आडवी. रपट्यावरून पाणी वाहतं का, तिथे शेवाळ धरतं का, तेही लिहा.

काळ्या मातीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शहरातला विक्रेता हे कधीच सांगत नाही. कोरडी असताना ही माती खडीसारखी टणक असते. पहिला पाऊस झाला की ती चाकाला नुसती चिकटत नाही, थरावर थर घेत जाते. वीस-पंचवीस पावलांत टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट भरते, चाक जाम होतं, मोटार मात्र जोर लावतच राहते. कंट्रोलर शहाणा असेल तर गाडी बंद करतो, नसेल तर जळतो. मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटं सहज जातील एवढी फट असलेली गाडीच घ्या. ट्रायसिकलचं मडगार्ड पावसाळ्यात काढून ठेवता येतं, कपडे खराब होतील तेवढंच. जून ते सप्टेंबर पांदणीत गाडी न्यायची नाही हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा, कारण रुतलेली ८० किलोची गाडी ओढायला दोन माणसं आणि दोर लागतो.

टायरचा प्रश्नही इथलाच. बाभळीचा काटा हवेच्या टायरला आठवड्यात एकदा तरी गाठतो. भरीव रबराचं टायर पंक्चर होत नाही, पण खडीच्या रस्त्यावर कंबर खिळखिळी करतं. पाठीचा त्रास असलेल्यांनी हवेचं टायर घ्यावं आणि ट्यूबमध्ये पंक्चर भरून काढणारं द्रव टाकून घ्यावं. ट्यूबचा माप-नंबर टायरच्या बाजूला छापलेला असतो. तो लिहून तालुक्याच्या सायकल दुकानात विचारा. ट्यूब तिथे मिळत नसेल तर खरेदीच्या वेळीच दोन जादा मागून घ्या.

बॅटरीचं गणित स्वतः करा

कंपनी म्हणते ‘एका चार्जमध्ये २५ किलोमीटर’. हा आकडा नवी बॅटरी, हलका माणूस, सपाट डांबरी रस्ता आणि एकसारखा वेग धरून काढलेला असतो. तुमचा आकडा असा काढा.

व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. २४ व्होल्ट, २० अँपिअर-अवर म्हणजे ४८० वॉट-अवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, साठ-पासष्ट टक्केच वापरायची. म्हणजे हाती आले सुमारे ३०० वॉट-अवर. माणसासकट पावणेदोनशे किलोच्या गाडीला पक्क्या सपाट रस्त्यावर किलोमीटरला साधारण १८ ते २० वॉट-अवर लागतात, खडीच्या किंवा मातीच्या रस्त्यावर ३० ते ३५. म्हणजे पक्क्या रस्त्यावर १५-१६ किलोमीटर आणि कच्च्यावर ९-१०. बॅटरी जुनी होत गेली की यातूनही घट. तुमचा लाल पेनाचा आकडा ८ किलोमीटर असेल, तर कच्च्या रस्त्यासाठी २० अँपिअर-अवरची बॅटरी काठावर आहे. ३० च्या पुढची मागा.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग पडते, पण वजनाला निम्म्याहून हलकी, तिची जवळजवळ सगळी क्षमता वापरता येते आणि ती हजार-दोन हजार चार्ज टिकते. लेड-अ‍ॅसिड ३०० ते ५०० चार्ज. रोज वापर असेल तर लेड-अ‍ॅसिड दीड-दोन वर्षांत बदलावीच लागते, आणि इथल्या उन्हात त्याहून लवकर. तापमान दर ८-१० अंशांनी वाढलं की लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य साधारण अर्धं होतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि टिनाखाली त्याहूनही जास्त. रोज दहा किलोमीटर फिरणाऱ्याला लिथियम शेवटी स्वस्त पडतं. आठवड्यातून दोनदा देवळापर्यंत जाणाऱ्याने तो खर्च करू नये.

लिथियम घेतली तर तिचाच चार्जर वापरा. लेड-अ‍ॅसिडच्या गाडीत नंतर लिथियम बसवून जुनाच चार्जर लावणं हा आगीचा धोका आहे, ‘चालून जाते’ असं कुणी सांगितलं तरी.

लेड-अ‍ॅसिड बदलताना दोन्ही (किंवा चारही) एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या घ्या. एक जुनी आणि एक नवी लावली की जुनी आधी रिकामी होते आणि नवीलाही ओढत नेते. ट्रॅक्टरची किंवा कारची बॅटरी बसवू नका. ती सुरुवातीचा जोराचा झटका देण्यासाठी असते, हळूहळू रिकामं होणं तिला सहन होत नाही. ई-सायकलच्या बॅटरीवर ‘६-डीझेडएफ-२०’ किंवा ‘६-डीझेडएम-२०’ अशी खूण असते, म्हणजे १२ व्होल्ट, २० अँपिअर-अवर, रोज चार्ज-डिस्चार्जसाठी केलेली. जुनी बॅटरी फुकट देऊन टाकू नका. तिच्यातल्या शिशाला भाव असतो, तो नव्या किमतीतून वजा करून घ्या.

सरकारकडून काय मिळतं, काय नाही

दिव्यांग प्रमाणपत्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर केंद्राच्या ‘एडीआयपी’ योजनेतून साधनं मिळतात. मोजमाप आणि वाटपाची शिबिरं कानपूरच्या ‘अ‍ॅलिम्को’ या सरकारी कंपनीमार्फत होतात. पण बॅटरीच्या ट्रायसिकलसाठी अस्थिव्यंग तीव्र, म्हणजे ८० टक्के किंवा जास्त, आणि वय किमान १६ असावं लागतं. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगाच्या ओळखपत्राचा, रंग बघा: पिवळं म्हणजे ४० ते ८० टक्क्यांच्या आत, निळं म्हणजे ८० आणि वर. पिवळं कार्ड घेऊन मोटारीच्या ट्रायसिकलसाठी शिबिरात दिवसभर बसणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा हाताने चालवायची सायकलच पडते.

कार्ड नसेल तर आधी त्याची नोंदणी करा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग जिल्हा सामान्य रुग्णालयातली तपासणी. तपासणीचे वार ठरलेले असतात, ते फोन करून विचारा, नाहीतर गाडीभाडं वाया जातं. सोबत आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, फोटो. साधन एकदा मिळालं की ठरावीक वर्षांत पुन्हा मिळत नाही, त्यामुळे घाईत चुकीचं साधन घेऊन येऊ नका.

वयोवृद्धांसाठीच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून काठी, वॉकर, साधी व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा अशा वस्तू मिळतात, मोटारीची गाडी नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना एकरकमी ३,००० रुपये खात्यात येतात. त्या पैशांत कमोड खुर्ची किंवा कमरेचा पट्टा येईल, स्कूटर नाही.

जास्त लोक विसरतात तो मार्ग ग्रामपंचायतीचा. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. छोट्या गावात ही रक्कम गाडीला पुरण्याइतकी नसते, पण नव्या बॅटरीसाठी किंवा ग्रामपंचायतीच्या पायरीवरच्या रॅम्पसाठी मागणी नक्की करता येते. तोंडी बोलू नका. अर्ज द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय वाचायला लावा. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडेही हाच ५ टक्क्यांचा निधी असतो आणि काही जिल्ह्यांत त्यातून वाहनं दिली जातात, म्हणून तिथल्या अर्जांची तारीख विचारून ठेवा. नागपूरचं समेकित क्षेत्रीय केंद्र आणि जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र इथे गाडी निवडण्याआधी तज्ज्ञाकडून बसण्याची तपासणी करून घेता येते.

सौदा

मोबिलिटी स्कूटर साधारण साठ-सत्तर हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत आणि त्याहून वरही जाते. भाव पाडण्याआधी तीन वर्षांचा खर्च मांडा. ७०,००० ची गाडी, ४,००० वाहतूक, दोन वर्षांनी बॅटऱ्यांचे ७,०००, एकदा कंट्रोलर किंवा चार्जर गेला तर ८-१०,०००, मिस्त्रीला नागपूरहून बोलावलं तर त्याचं येणं-जाणं वेगळं. असे नव्वद हजार सहज होतात. त्यासमोर ८२,००० ची, पण तालुक्यात दुरुस्त होणारी गाडी ठेवून बघा. वीजबिलाची चिंता मात्र करू नका. ४८० वॉट-अवरची बॅटरी पूर्ण भरायला पाऊण युनिटही लागत नाही.

किमान तीन ठिकाणचं कोटेशन कागदावर घ्या. त्यात बॅटरीचा प्रकार आणि अँपिअर-अवर, मोटारीचे वॉट, वजनमर्यादा, वॉरंटी मोटारीला किती, कंट्रोलरला किती, बॅटरीला किती, आणि वॉरंटीत माणूस घरी येणार की गाडी तुम्ही पाठवायची, हे सगळं लिहिलेलं हवं. ‘एक वर्ष वॉरंटी’ म्हणणाऱ्याची बॅटरीची वॉरंटी पुष्कळदा सहाच महिन्यांची निघते. दिव्यांगांच्या वाहनांना जीएसटी ५ टक्के आहे, वर्गीकरण क्रमांक ८७१३. बिलावर त्याहून जास्त लावलेला दिसला तर तिथेच थांबवा. बिल चालवणाऱ्याच्या नावाने करा.

भाव करताना थेट किमतीवर घासाघीस केली की दुकानदार दोन हजार कमी करून मोकळा होतो. त्यापेक्षा वस्तू मागा: मोफत वाहतूक, जादा ट्यूब, पावसाचं आच्छादन, एक राखीव चार्जर, पहिली सर्व्हिस घरी. दुकानदाराला त्या वस्तू स्वस्तात पडतात आणि तुम्हाला बाहेर महाग. दसरा-दिवाळीत सूट मिळते, पण तेव्हा गोदामात पडून राहिलेला मालही निघतो. बॅटरीवरचा निर्मितीचा महिना बघा. सहा महिन्यांहून जुनी असेल तर ती बदलून मागा.

नोंदणीबद्दल दुकानदार ‘काही लागत नाही’ एवढंच म्हणतो. नियम असा आहे: मोटारीची शक्ती २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि तसं मान्य चाचणी संस्थेने, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयने, प्रमाणित केलेलं असेल तर ती गाडी मोटार वाहन धरली जात नाही. त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स मागा आणि सीटखालच्या कप्प्यात ठेवा.

ट्रायल दुकानातल्या फरशीवर घेऊ नका. बाहेर न्या. चालवणारा माणूस स्वतः बसलेला हवा, त्याचा धाकटा मुलगा नाही. चढावर मध्येच थांबवा, कांडी सोडा, गाडी मागे सरकते का बघा. एका इंचापेक्षा जास्त सरकली तर ब्रेक ढिला आहे. तिथूनच पुन्हा वर चढवा. उतारावर पूर्ण वेगात कांडी सोडून किती अंतरात थांबते ते पावलांनी मोजा. उलट्या दिशेने वळवा. मग गाडी बंद करून मोकळं करायची कळ (फ्री-व्हील) ओढा आणि ढकलून बघा. आजारी माणसाला घरी आणायची वेळ आली तर एका बाईला ती ढकलता यायला हवी.

ऑनलाइन मागवलेली गाडी गावात येत नाही, तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या ट्रान्सपोर्ट गोदामापर्यंतच येते. तिथून छोट्या हत्तीचं भाडं तुमचं. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि फाटलेलं असेल तर पावतीवर ‘खोके फाटलेले मिळाले’ असं लिहूनच सही करा. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा दाखल करता येतो. दिल्लीच्या विक्रेत्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही.

जुनी गाडी घेताना

घरातलं माणूस गेल्यावर गाडी छपरीत पडून राहते आणि वर्षभराने विकायला काढतात. अशा गाडीची बॅटरी मेलेली आहे असंच धरून भाव करा. चारशे-पाचशे रुपयांचं मल्टिमीटर सोबत न्या. रात्रभर चार्ज करून काढलेल्या २४ व्होल्टच्या जोडीवर सकाळी २५.४ च्या आसपास दिसायला हवं. माणूस बसवून चढावर चालवा आणि तेव्हा मीटर बघा. २२ च्या खाली बुडालं तर बॅटरी संपली. मीटर जपून धरा, तारा एकमेकींना टेकल्या तर ठिणगी उडते.

परदेशातल्या नातेवाइकाने आणलेली गाडी स्वस्त दिसते. तिचा चार्जर उलटा करून वाचा. अमेरिकेतला चार्जर फक्त ११० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर लावताच जळेल. ‘१०० ते २४०’ असं छापलेलं असेल तरच लावा. तिचा कंट्रोलर गेला तर इथे मिळवणं जवळजवळ अशक्य, म्हणून अशा गाडीला नव्याच्या चौथाईपेक्षा जास्त देऊ नका.

घरी आणल्यावर

रॅम्पचा हिशेब सोपा: जितके इंच उंची तितके फूट लांबी. दीड फुटाच्या ओट्याला अठरा फूट रॅम्प, आणि तेवढी जागा क्वचितच असते. जागा नसेल तर आठ फुटांचा उभा रॅम्प करून गाडी मागे उलटवण्यापेक्षा गाडी ओट्याखालीच ठेवा आणि माणसाला दोन पायऱ्या कठड्याला धरून चढू द्या. रॅम्प केलाच तर रुंदी किमान तीन फूट, दोन्ही कडांना दोन-तीन इंचांची विटांची पाळ, आणि वर खराट्याने ओढलेलं खडबडीत सिमेंट. चकचकीत टाइल्स लावू नका.

चार्जिंग वापराच्या दिवशीच करा, ‘उद्या बघू’ नको. अर्धी रिकामी लेड-अ‍ॅसिड आठवडाभर पडली की आत सल्फेटचे खडे धरतात आणि ते परत निघत नाहीत. फिरून आल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या, मग रात्री लावा. उन्हाळ्यात दुपारी कधीच नको. लोडशेडिंगमध्ये मध्येच लाइट गेली तरी बिघडत नाही, आल्यावर चार्जर पुढे सुरू होतो. मात्र लाइट परत येतानाचा झटका चार्जर मारतो, म्हणून झटका रोखणारा प्लग बोर्ड लावा आणि अर्थिंग तपासून घ्या. गाडी वापरात नसेल तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज. उंदीर वायरी कुरतडतात, त्यामुळे धान्याच्या पोत्यांजवळ गाडी ठेवू नका.

पहिले चार-पाच दिवस वेगाचा खटका सगळ्यात कमीवर ठेवून अंगणातच सराव. नाली आणि रेल्वे रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचे. उतारावर वळायचं नाही. चालताना चावी बंद करायची नाही, कारण ब्रेक एकदम बसून माणूस हँडलवर आदळतो. आणि फ्री-व्हीलची कळ उतारावर कधीच ओढायची नाही. तेव्हा ब्रेक अजिबात नसतो. मागे लाल रेडियम पट्टी उंचावर लावा, कारण ही गाडी ट्रॅक्टरवाल्याच्या नजरेखाली राहते.

चिखल झाला तर पाइपने धुऊ नका. वाळू द्या, मग ब्रशने झाडा. महिन्यातून एकदा पुढच्या चाकाचा आस तपासा. सुतळी, केस, कापसाचे धागे तिथे गुंडाळत जातात आणि बेअरिंगचं सील फाडतात. ब्लेडने कापून काढा, दहा मिनिटांचं काम.

बंद पडली तर, मिस्त्रीला बोलावण्याआधी

दिवा लागतो पण गाडी हलत नाही: फ्री-व्हीलची कळ मोकळी राहिली असेल, किंवा चार्जरची पिन आतच असेल. दोन्ही वेळेला गाडी मुद्दाम चालत नाही. चावी फिरवताना अंगठा कांडीवर असेल तरीही ती अडते. चावी बंद करा, हात काढा, पुन्हा लावा.

काहीच लागत नाही: सीटखाली किंवा मागे एक छोटं बाहेर आलेलं बटण असतं, तो फ्यूज. आत दाबा. लगेच पुन्हा उडाला तर थांबा, कुठेतरी वायर टेकली आहे. नाहीतर बॅटरीचे जोड उघडून पाहा, हिरवट-पांढरी भुकटी धरली असेल तर कोरड्या कपड्याने पुसून घट्ट बसवा.

चालता-चालता चढावर मंदावते आणि सपाटीवर सुधारते: बॅटरी संपत आली. चार्जरचा दिवा दोन तासांतच हिरवा होतो आणि गाडी एक किलोमीटरही जात नाही, तर बॅटरीची क्षमता गेली आहे, चार्जरचा दोष नाही.

ट्रायसिकल गचके देत, थांबत-थांबत चालते: चाकाच्या तुंब्यातला हॉल सेन्सर (मोटार कुठवर फिरली ते कंट्रोलरला कळवणारा भाग) किंवा त्याच्या पातळ वायरी. हे ई-रिक्षावाला करतो. मोबिलिटी स्कूटर मात्र बीप करते किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. किती वेळा ते मोजून, मोबाइलवर चित्रीकरण करून विक्रेत्याला पाठवा. प्रत्येक आकड्याचा दोष पुस्तिकेत लिहिलेला असतो, आणि तो कळला की मिस्त्री योग्य भाग घेऊनच निघतो.